इशारा ऐकणारी मंडळी

(शास्त्राभ्यास)

वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ति ४१:२५-४९, यहेज्केल ३३:१-६, लूक १२:५४-५६, लूक १३:१-५, प्रेषितांची कृत्ये ११:२७-३० आणि २७:९-१४.

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली रेल्वेगाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही स्थानके मागे टाकीत रायपूरला पोहोचते. मराठी ख्रिस्ती वाचकांना हा मार्ग अपरिचित नाही. नारायण वामन टिळक १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जात असता गाडीत एका परक्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्यानंतर तीन-चार वर्षांतच, ज्या छत्तीसगडच्या भातखाचरांमधून ही गाडी धावते त्या प्रदेशावर दुष्काळ कोसळला. आणि तो सावरतो न सावरतो तोच १८९९ साली दुसरा आला. या दोन दुष्काळांच्या आधाराने आज आपण एका प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत. येणाऱ्या संकटाचा इशारा मिळाला, तर ख्रिस्ती मंडळीने त्याचे काय करावे?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्यात दोन प्रवृत्ती आढळतात. काही जण हवामानखात्याच्या अंदाजाची थट्टा करतात. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. दुसरे काही जण, देव आपला रक्षणकर्ता आहे, मग सावधगिरीची गरज काय, असे म्हणून इशाऱ्याकडे पाठ फिरवितात. एकाला अंदाजावर विश्वास नाही आणि दुसऱ्याला त्याची गरज वाटत नाही. परिणाम मात्र दोघांचाही एकच, हात बांधून बसणे. पवित्र शास्त्र या दोन्ही वृत्तींना उत्तर देते.

१. धोका आणि आपत्ती यांतील भेद

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानात घेऊ. पाऊस न पडणे, नदीस पूर येणे, वीज पडणे, भूमी हादरणे हे निसर्गातील धोके आहेत. त्या धोक्याच्या वाटेत माणसे सापडतात, त्यांच्यापाशी बचावाचे साधन नसते, आणि मग जी जीवितहानी होते, ती आपत्ती. ओसाड माळावर वीज पडली तर तो केवळ निसर्गाचा प्रकार आहे. तीच वीज भातलावणी करणाऱ्या मजूर स्त्रियांवर पडली तर ती आपत्ती ठरते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेला भूकंप महाराष्ट्र विसरलेला नाही. जगात त्याहून कितीतरी मोठे भूकंप होतात आणि काही ठिकाणी फारशी मनुष्यहानी होत नाही. किल्लारीत हजारो माणसे मृत्युमुखी पडली, कारण ती वेळ झोपेची होती आणि घरे जाड दगडमातीच्या भिंतींची व मातीच्या जड माळवदांची होती. धोका भूगर्भातून आला. आपत्तीचा मोठा भाग मात्र डोक्यावरच्या छपरातून आला. धोका रोखणे आपल्या हाती नाही. त्याची आपत्ती होऊ न देणे काही अंशी तरी आपल्या हाती आहे, आणि जे आपल्या हाती आहे त्याचा हिशेब आपल्याला द्यावा लागणार आहे.

२. छत्तीसगडचे दोन दुष्काळ

छत्तीसगडला भाताचे कोठार म्हणतात. रायपूरच्या पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि भाताचे पीक त्यावरच अवलंबून असते. यातही एक बारकावा आहे. आरंभीचा पाऊस कितीही चांगला झाला, तरी लोंबी भरण्याच्या वेळी, म्हणजे सप्टेंबरात, पावसाने दगा दिला तर हाती केवळ पेंढा राहतो. १८९६ साली असेच घडले. पाऊस अकाली थांबला आणि उभे पीक वाळले. १८९९ साली तर मोसमी पावसाने जवळजवळ सर्वच काळ पाठ फिरविली.

दुष्काळाची चाहूल कशी ओळखावी यासंबंधी त्या काळच्या सरकारने नियम केले होते. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली आपला अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ-संहिता तयार झाल्या. त्यांत अधिकाऱ्यांना काही चिन्हांवर लक्ष ठेवण्यास सांगितले होते : धान्याचे भाव एकाएकी चढणे, माणसे घरदार सोडून भटकू लागणे, किरकोळ चोऱ्या वाढणे. आकाशाकडे पाहण्याबरोबरच बाजाराकडे आणि रस्त्याकडेही पाहा, असा या नियमांचा आशय होता. पोटाची आग प्रथम तेथेच दिसते.

परंतु चिन्हे दिसणे निराळे आणि हात हलणे निराळे. १८९६-९७ साली मध्य प्रांतात मदतीची कामे पुरेशी लवकर व सढळ हाताने सुरू झाली नाहीत, आणि मृत्यूचे प्रमाण भयंकर वाढले. १८९९-१९०० साली पिकाचे नुकसान आधीपेक्षाही मोठे होते. तथापि या वेळी मदत लवकर व व्यापक प्रमाणावर सुरू झाली, आणि प्रांताचे एकूण मृत्युप्रमाण १८९७ पेक्षा कमी राहिले. कमी राहिले याचा अर्थ थोडे राहिले असा नव्हे. रायपूरच्या परिसराने त्याही वर्षी अपार दुःख सोसले. तरीही या तुलनेत एक मोठा धडा आहे. धोका वाढला असताना मृत्यू घटू शकतात. मध्ये उभी राहते ती मनुष्याची वेळेवरची कृती.

या दोन दुष्काळांत ख्रिस्ती सेवेचे काम मोठे झाले. रायपूरच्या उत्तरेस बिश्रामपूर येथे ऑस्कर लोर यांनी १८६८ साली मिशनकार्य आरंभिले होते. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना तेथे आश्रय मिळाला. अमेरिकन मेनोनाइट मिशनरी १८९९ साली धमतरीला आले, ते १८९७ च्या दुष्काळाची हाक ऐकूनच. आणि आपल्या महाराष्ट्रातून पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात त्यांनी स्वतः आईवडील व बहीण गमावली होती. उपाशी मनुष्य कसा मरतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आपल्याबरोबर आणल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध असल्याने त्यांची व्यवस्था केडगाव येथे झाली आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले. केडगावचे मुक्तिमिशन आज ज्यांना माहीत आहे, त्यांतील कित्येकांना त्याच्या पायाशी मध्य प्रांतातील मुलींचे पाऊल आहे हे ठाऊक नसेल.

३. चुकलेला अंदाज

आता थोडे शास्त्राकडे, म्हणजे हवामानशास्त्राकडे वळू. १८६४ साली कलकत्त्यावर आलेले चक्रीवादळ आणि १८६६ चा ओडिशाचा दुष्काळ यांनी देशाला हादरविले. त्यानंतर १८७५ साली भारतीय हवामानखात्याची स्थापना झाली. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांना असे आढळले की, हिमालयावर वसंतात अधिक बर्फ असेल तर पुढील पाऊस बहुधा कमी पडतो. या व अशा आधारांवर १८८६ पासून मोसमी पावसाचा अंदाज नियमाने प्रसिद्ध होऊ लागला.

ब्लॅनफोर्ड यांच्यानंतर जॉन एलियट आले. १८९९ साली त्यांचा अंदाज चांगल्या पावसाचा होता; प्रत्यक्षात देशाच्या इतिहासातील अत्यंत कोरड्या वर्षांपैकी ते एक ठरले. लोकांनी टीका केली. पण हे शास्त्र तेथेच संपले नाही. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ त्या पदावर आले आणि त्यांनी जगभरच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. पॅसिफिक महासागर आणि हिंदी महासागर यांवरील हवेचा दाब तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणे खालीवर होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे पॅसिफिकच्या पाण्याचे तापणे, ज्यास आज आपण ‘एल निनो’ म्हणतो, त्याचा या पारड्यांशी असलेला संबंध इतरांनी उलगडला. १८७७ आणि १८९९ ही दोन्ही वर्षे एल निनोची होती. म्हणजे रायपूरच्या शेतकऱ्याचे भात वाळण्याचे एक कारण हजारो मैल दूर, पेरू देशाच्या समुद्रात होते.

आजही हे ज्ञान अपूर्ण आहे. २००२ साली पुण्याहून दिला गेलेला अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता. प्रत्यक्षात देशात १९ टक्के तूट पडली. याचे कारण अंदाजाच्या स्वरूपातच आहे. अंदाज म्हणजे भविष्यकथन नव्हे. ते शक्यतेचे मोजमाप आहे. प्रत्येक धोक्यासाठी त्याची मर्यादा निराळी असते. चक्रीवादळाचा मार्ग तीन-चार दिवस आधी बराच नेमका सांगता येतो. उष्णतेच्या लाटेची सूचना काही दिवस आधी मिळते. विजेचा धोका दोन-तीन तास आधी कळू शकतो. संपूर्ण ऋतूच्या पावसाबद्दल केवळ कल सांगता येतो. भूकंपाचा दिवस व वेळ मात्र आज कोणीही सांगू शकत नाही. म्हणून अमुक रात्री भूकंप होणार अशी बातमी कोणी पसरविली, तर ती अफवा समजावी.

प्रभू येशूने लोकसमुदायाला जे सांगितले ते येथे आठवावे (लूक १२:५४-५६). पश्चिमेला ढग दिसला की पाऊस आणि दक्षिणेचा वारा सुटला की उष्मा, हे त्या लोकांना कळत होते. पॅलेस्टाइनच्या पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला वाळवंट असल्यामुळे त्यांचा हा अनुभव खरा होता. (रायपूरकरांना बहुधा पूर्वेकडे पाहावे लागते; बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र ओडिशावरून छत्तीसगडात येते तेव्हा येथे जोराचा पाऊस होतो.) प्रभूने त्यांच्या या निरीक्षणाला दोष दिला नाही. आकाश वाचता येते, मग समोर उभा असलेला काळ का वाचीत नाही, हा त्याचा प्रश्न होता. त्याचा रोख आपल्याकडेही आहे. भ्रमणध्वनीवर आपण रोज तापमान पाहतो. पण त्या तापमानात आपल्या मंडळीतील पत्र्याच्या घरात कोण राहतो हे पाहतो काय?

४. योसेफ आणि अगब

शास्त्रात दुष्काळाचे दोन इशारे ठळकपणे आले आहेत. पहिला फारोच्या स्वप्नातला. योसेफाने स्वप्नाचा अर्थ सांगितला, परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. राजाने विचारलेही नसता त्याने लागलीच योजना मांडली : देखरेख करणारे नेमावे, सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा घ्यावा, आणि ज्या नगराच्या भोवतालचे धान्य त्या नगरातच साठवावे. ही शेवटची गोष्ट फार शहाणपणाची आहे. साठा उपाशी माणसाजवळ असावा. संकट आल्यावर तो दुरून आणू म्हणणे धोक्याचे असते. छत्तीसगडात दुष्काळांनंतर अशाच विचाराने जलसाठे बांधले गेले. धमतरीजवळचे माडमसिल्ली धरण १९२३ साली पूर्ण झाले. आज शंभर वर्षांनंतरही ते उभे आहे. तीही एका अर्थी योसेफाची कोठारेच आहेत, केवळ धान्याऐवजी त्यांत पाणी आहे.

दुसरा इशारा अंत्युखियाच्या मंडळीला मिळाला. अगब नावाच्या संदेष्ट्याने मोठा दुष्काळ पडणार असे सुचविले, आणि तो क्लौद्याच्या कारकिर्दीत पडला, असे लूक नमूद करतो. या वृत्तांतात मंडळीने काय केले नाही हे प्रथम पाहा. अगबाला तिने तारीख विचारली नाही. हा कोणाच्या पापाचा दंड, याची चर्चा केली नाही. स्वतःच्या कोठ्या भरण्यास धावली नाही. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बंधुजनांसाठी मदत ठरविली आणि ती बर्णबा व शौल यांच्या हाती पाठविली.

यात तीन गोष्टी मननीय आहेत. पहिली, मदत दुष्काळाची वाट न पाहता ठरली. दुसरी, प्रत्येकाने दिली. काम एखाद्या श्रीमंत सभासदावर सोपविले नाही. तिसरी, ती विश्वासू माणसांच्या हाती दिली, म्हणजे हिशेब राहिला. संदेष्ट्याचे शब्द खरे ठरले, हे त्या मंडळीचे भूषण नव्हे, कारण शब्द देवाचे होते. तिचे भूषण हे की, शब्द ऐकून तिची झोळी उघडली.

५. ‘सुंदर बंदरातील’ निर्णय

आता न ऐकलेल्या इशाऱ्याचे उदाहरण पाहू. पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असता जहाज ‘सुंदर बंदर’ नावाच्या ठिकाणी थांबले. उपासाचा दिवस होऊन गेला होता, म्हणजे शरद ऋतू लागून समुद्र प्रवासास धोक्याचा झाला होता. पुढे गेल्यास माल, जहाज आणि प्राण यांची हानी होईल, असे पौलाने बजाविले. शताधिपतीने मात्र तांडेलाचे व जहाजाच्या मालकाचे ऐकले. मालकाला मालाची चिंता होती. बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचे होते. बहुमत पुढे जाण्याच्या बाजूचे होते. आणि तेवढ्यात दक्षिणेचा मंद वारा सुटला. सर्व काही अनुकूल दिसले. थोड्याच वेळात ईशान्येकडून तुफान आले.

इशारा डावलण्याची ही सर्व कारणे आजही जशीच्या तशी आहेत : नुकसानीची भीती, गैरसोय, बहुमत आणि क्षणभराची शांत हवा.

रायपूरच्या दक्षिणेस सिहावाच्या डोंगरात उगम पावणारी महानदी ओडिशात पारादीपजवळ समुद्राला मिळते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी याच किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. वादळ येत आहे ही सूचना मिळाली होती. पण समुद्राचे पाणी किती आत शिरेल हे लोकांच्या कल्पनेपलीकडचे होते, आणि आश्रयाला जागाही पुरेशा नव्हत्या. त्यानंतर ओडिशाने किनाऱ्यावर पक्की आश्रयस्थाने बांधली, गावोगाव स्वयंसेवक तयार केले आणि घरे सोडण्याचा सराव करून घेतला. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ हे तितकेच भयावह वाटणारे चक्रीवादळ गोपाळपूरजवळ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलविले गेले होते. मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. चौदा वर्षांच्या अंतराने एकाच राज्यात इतका फरक पडला. वाऱ्याने दया केली नव्हती; माणसांनी शिकून घेतले होते.

याच नदीच्या काठी शेजारधर्माचाही एक पाठ आहे. छत्तीसगडचा पाऊस ओडिशाच्या बाजूने येतो, म्हणून तेथील हवामानाची बातमी रायपूरला उपयोगी पडते. मग तेच पाणी शिवनाथ व महानदी यांतून हिराकूड धरणाकडे परत जाते. म्हणून वरच्या बाजूस नदी किती चढली हे ओडिशाला वेळेवर कळणे तेथील लाखो लोकांच्या जिवाचे असते. एकाने दुसऱ्याला सावध करावयाचे आणि दुसऱ्याने पहिल्याला. एकमेकांची ओझी वाहण्याची जी आज्ञा आपणांस आहे, तिचे हे एक रूप म्हणता येईल.

६. शिलोहाचा बुरूज

आपत्ती आली की, हा कोणाच्या पापाचा परिणाम, असे विचारण्याचा मोह आपल्याला होतो. कधी व्यासपीठावरूनही असे उद्गार निघतात. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली तेव्हा लोकांच्या मनात हाच विचार होता. मेलेले इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते, असे प्रभूने स्पष्ट केले, आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाकडे बोलाविले. म्हणजे आपत्ती पाहून बोट दाखवावयाचे असेल तर ते स्वतःकडे दाखवावे.

त्याचप्रमाणे भूकंप व दुष्काळ ऐकून शेवटच्या दिवसाची तारीख काढणाऱ्यांपासूनही सावध राहावे. मत्तय २४ मध्ये या गोष्टींचा उल्लेख करताना प्रभूने आपल्या शिष्यांना घाबरू नका असेच सांगितले. त्या घटिकेविषयी कोणाला ठाऊक नाही, हेही त्याच अध्यायात आहे. पुढच्या अध्यायात न्यायाचे जे चित्र आहे, त्यात भुकेल्याला अन्न दिले काय, हा प्रश्न विचारला जातो. तारीख बरोबर काढली काय, हा नव्हे.

७. आजचे पहारेकरी

यहेज्केलाच्या ३३ व्या अध्यायात पहारेकऱ्याचे कर्तव्य सांगितले आहे. तलवार येताना पाहून त्याने कर्णा वाजविला आणि ऐकणाऱ्याने दुर्लक्ष केले, तर दोष ऐकणाऱ्याचा. परंतु पाहूनही त्याने कर्णा वाजविला नाही, तर गेलेल्या जिवाचा जाब त्याला द्यावा लागतो. आज ज्याला इशारा समजतो, तो प्रत्येक जण पहारेकरी आहे. म्हणून काही गोष्टी साध्या शब्दांत समजून घेऊ.

हवामानखाते चार रंगांत सूचना देते. हिरवा रंग म्हणजे विशेष काही नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे आता कृती करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर तो ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.५ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ मानला जातो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीच्या साडेचार अंश वर गेले, अथवा सरळ ४५ अंशांवर पोहोचले, म्हणजे उष्णतेची लाट समजतात. रायपूरच्या मे महिन्याला हे आकडे नवे नाहीत. अशा दिवसांत भर दुपारी विवाह अथवा मेळावे ठेवू नयेत. उपासना पहाटे किंवा सायंकाळी घ्यावी. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खाण्याची छत्तीसगडातील ‘बोरे-बासी’ची रीत ही पिढ्यान्‌पिढ्यांची शहाणीव आहे, तिला हसू नये.

विजेसंबंधी विशेष सांगावेसे वाटते. आपल्या देशात दरवर्षी २,००० हून अधिक माणसे वीज पडून मरतात, आणि छत्तीसगड हे अधिक धोक्याच्या प्रदेशांपैकी आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी राजनांदगाव जिल्ह्यात पावसापासून आडोशाला थांबलेल्या शाळकरी मुलांसह ८ जण एकाच विजेने मृत्युमुखी पडले. मरणारे बहुतेक शेतकरी, मजूर, गुराखी आणि मुले असतात. म्हणून हे ध्यानी ठेवावे : गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आहोत. पाण्याने भरलेले खाचर सोडावे, झाडाखाली वा उघड्या झोपडीत थांबू नये, पक्क्या घरात अथवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच राहावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील साधन जवळच्या विजेची सूचना देते.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला स्पर्श करण्यास भिऊ नये. श्वास थांबला असेल तर छाती दाबून कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा व तत्काळ दवाखान्यात न्यावे. काही गावांत अशा माणसाला शेणात पुरून ठेवतात. हेतू वाचविण्याचाच असतो, पण त्यात वाचण्याची अमोल मिनिटे निघून जातात. हे बंधुप्रेमाने, कोणालाही न दुखविता, समजावून सांगणे ही सेवाच आहे.

मंडळीने काय करावे? पाळक व वडीलजनांनी एक यादी करावी : आपल्या परिसरात एकटे वृद्ध कोण, उन्हात काम करणारे कोण, नदीकाठी वा कच्च्या घरात राहणारे कोण, आणि ज्यांच्याजवळ भ्रमणध्वनी नाही असे कोण. यादीत केवळ आपल्या सभासदांची नावे नसावीत. तरुण संघातील दोघांनी सूचना पाहण्याची आणि या घरांपर्यंत पायी जाऊन ती पोहोचविण्याची जबाबदारी घ्यावी. चर्चची इमारत पक्की असेल तर पूर अथवा उन्हाच्या दिवशी तिचे दार सर्वांसाठी उघडे असावे व आत पाण्याचे माठ असावेत. भगिनी मंडळाने थोडे धान्य नेहमी बाजूला ठेवावे. आणि सूचना चुकीची ठरली, वादळ दुसरीकडे वळले, तर केलेले श्रम वाया गेले असे कोणी म्हणू नये. रात्रभर जागलेल्या पहारेकऱ्याने पहाटे, शत्रू आला नाही, म्हणून देवाचे आभारच मानावयाचे असतात.

समारोप

१८९९ चा अंदाज चुकला, तरी ज्यांनी वेळेवर हात पुढे केले त्यांच्यामुळे अनेक जीव वाचले. १९९९ चा इशारा मिळाला, तरी तो शेवटच्या घरापर्यंत पोहोचला नाही आणि हजारो गेले. अंदाज अचूक असावा यासाठी शास्त्रज्ञ झटत आहेत, आणि त्यांना मिळालेली बुद्धी हे देवाचेच दान आहे. परंतु इशारा पूर्ण होतो तो वेधशाळेत नव्हे. एखादा मनुष्य उठून शेजाऱ्याचे दार ठोठावतो तेव्हा. पौलाचा इशारा डावलला गेला, तरी वादळात तो रुसून बसला नाही. त्याने सर्वांना धीर दिला, खाऊ घातले, आणि जहाजावरील २७६ जण जिवंत किनाऱ्याला लागले. आपल्याही सावधगिरीचा शेवट असाच, सर्वांसह किनाऱ्याला लागण्यात व्हावा.

मननासाठी प्रश्न

१. अंत्युखियाच्या मंडळीने अगबाचे ऐकून जे केले, त्यापैकी आपली मंडळी या महिन्यात काय आरंभू शकेल?
२. पौलाचा इशारा न ऐकण्याची चार कारणे कोणती? त्यांपैकी कोणते आपल्यात अधिक आढळते?
३. शिलोहाच्या बुरुजाविषयीचे प्रभूचे उत्तर लक्षात घेता, आपत्तीत सापडलेल्यांशी आपण कसे बोलावे?
४. आपल्या गावातील सर्वांत मोठा नैसर्गिक धोका कोणता? त्याची सूचना कोणाकडून मिळते आणि ती कोणापर्यंत पोहोचत नाही?

प्रार्थना

हे आकाश व पृथ्वी यांच्या उत्पन्नकर्त्या पित्या, पाऊस व ऊन तुझ्या हाती आहेत. आम्हाला पाहणारे डोळे, ऐकणारे कान आणि उघडे हात दे. जे शेतात, नदीकाठी आणि कच्च्या छपराखाली आहेत, त्यांना आमच्या आळसामुळे हानी होऊ देऊ नको. येशूच्या नावाने मागतो. आमेन.